पांढऱ्या पट्टीचं फास्ट फूड

दत्तात्रय घाडगे इस्त्रीचे कपडे घालून फास्ट फूड खायला आयुष्यात दोनदा गेला. एकदा कराडात आणि एकदा जर्मनीत. कराडातलं आठवलं की अजून त्याच्या तोंडावर हसू येतं. जर्मनीतलं कुणी काढलं की तो विषय बदलतो.

कराडातलं आधी सांगायला हवं. ते कळल्याशिवाय दुसऱ्याची लाज कळायची नाही.

नव्वदचं दशक सरत असताना कराडच्या कॉलेज रस्त्यावर काचेच्या दाराचं एक दुकान उघडलं. वर लाल-पिवळी पाटी: फास्ट फूड. आत पंखे नव्हते, एसी होता. वेटरच्या खांद्यावर फडकं नव्हतं, डोक्यावर टोपी होती. भूक लागली म्हणून तिथं कुणी जात नसे. डॉक्टरांच्या मुलांचे वाढदिवस तिथं व्हायचे. मुलगी पसंत पडली की दोन्हीकडची माणसं तिथं जाऊन आइस्क्रीम खायची. दत्तात्रय इंजिनिअरिंगची सगळी वर्षं त्या काचेसमोरून सायकल मारत गेला, पण दाराला हात लावायची छाती झाली नाही. दार ढकलायचं की ओढायचं, तेच ठाऊक नव्हतं.

आईबाप लवकर गेलेले. थोरली बहीण मीनल आणि तिचा नवरा मधू यांनीच त्याला लहानाचा मोठा केला. मधूला तो दाजी म्हणायचा. दाजी सूतगिरणीत कामाला होते. पोरगा कॉलेजात पहिला आला त्या संध्याकाळी दाजी म्हणाले, "चल रं, आज त्या काचंच्या आत जाऊ. बघू तरी, एवढं काय विकत्यात."

मीनलनं लग्नातला शालू काढला. दत्तात्रयचा सदरा शेजारच्या लाँड्रीतून इस्त्री होऊन आला. दुकानाच्या दाराशी पोचल्यावर दाजींनी दार ढकललं. हललं नाही. खांदा लावला. तरी हललं नाही. आतली सगळी टेबलं बघायला लागली. शेवटी आतून एका बाईनं खूण केली, तेव्हा दाजींनी ते ओढलं आणि आत शिरता शिरता मोठ्यांदा म्हणाले, "आमच्या घरच्या दाराची एवढी नाटकं न्हाईत बाबा!" अख्खं दुकान हसलं. सगळ्यांत मोठ्यांदा दाजी स्वतः हसले. पुढं ती संध्याकाळ सणासारखी गेली.

फास्ट फूड म्हणजे हे. कराडच्या डिक्शनरीत त्या शब्दाचा अर्थ असा होता: मान. ज्याला तो अर्थ हास्यास्पद वाटतो त्यानं एकदा त्या काचेच्या बाहेर चार वर्षं उभं राहून बघावं.

पुढं सूतगिरणी बंद पडली. दाजींनी हातपाय गाळले नाहीत, स्टँडसमोर वडापावची गाडी टाकली. आणि दोन हजार दोनच्या हिवाळ्याच्या तोंडावर दत्तात्रय डॉक्टरेट करायला जर्मनीत येनाला आला. लेन्सा आणि प्रकाश हा त्याचा विषय. येना म्हणजे लेन्सांचंच गाव. निघताना मीनलनं बॅगेत एक लोकरी शाल कोंबली. "तुला थंडीला हाय. न्हाईतर तिथं कुणी मोठं माणूस भेटलं, तर त्यांच्या अंगावर घाल. रिकाम्या हातानं नमस्कार करू नगंस."

मोठं माणूस भेटलं. फ्राऊ केसलर. म्हणजे केसलरबाई, त्याची घरमालकीण, सत्तरीची, नवरा जाऊन काही वर्षं झालेली. टेकडीच्या उतारावर तिचं जुनं घर, वरच्या मजल्यावर दत्तात्रयची खोली. आल्या आल्या आनमेल्डुंग करावं लागतं, म्हणजे सरकारदरबारी पत्ता नोंदवायचा. खिडकीतल्या बाईचं बोलणं त्याच्या डोक्यावरून जायला लागलं, तेव्हा फ्राऊ केसलर स्वतः बरोबर आली आणि त्याच्या वतीनं भांडली. तापानं फणफणला तेव्हा बटाट्याचं सूप घेऊन जिना चढली. दर रविवारी दुपारी ती त्याला खाली कॉफी आणि केकला बोलवायची. टेबलावर भरतकामाचा कपडा, कप असे पातळ की धरायची भीती वाटावी. ती त्याला 'हेर घाडगे' म्हणायची, म्हणजे घाडगे साहेब. कराडात त्याला कुणी 'अहो' सुद्धा म्हटलं नव्हतं.

कागदपत्रांच्या घोळात पहिला पगार वर्षाच्या अखेरीला हाती आला. पहिला पगार थोरांच्या पायाशी ठेवायचा, ही घरची रीत. इथं थोर कोण? दत्तात्रयला फार विचार करावा लागला नाही. आशियाई दुकानातून त्यानं नारळ आणला. शाल होतीच. आणि मोठ्या माणसाला न्यायचं तर मोठ्या ठिकाणी न्यावं. येनात जुनी गास्टहाउसं होती, काळपट लाकडाची, अंधारी, म्हातारे बियर पीत बसलेले. त्याच्या डोळ्यांना ती खानावळच दिसली. उलट सिनेमागृहाच्या पलीकडे फास्ट फूडचं एक दुकान होतं. काच, झगमगाट, रंगीत पाटी, टोप्या घातलेली पोरं. त्यानं कुणाला विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे असंच वाटलं नाही.

फ्राऊ केसलर गडद निळा कोट घालून, गळ्याशी ब्रोच लावून बाहेर आली. तो मुलाखतीसाठी कराडात शिवलेल्या सुटात, टाय बांधून उभा. ट्रामनं गेले. दार त्यानं बरोबर ओढलं, तेवढ्यानंही त्याला बरं वाटलं. आत आल्यावर ती क्षणभर थांबली. तिची नजर भिंतींवरून फिरली, काहीतरी शोधत असल्यासारखी. मग तिनं कोट काढला, नीट घडी घातली आणि मांडीवर घेऊन बसली.

तिला त्यानं रांगेत उभं राहू दिलं नाही. ट्रे स्वतः आणला आणि तिच्यापुढं वाढला. वाढला म्हणजे खरोखर वाढला. बर्गर मधोमध, बटाट्याच्या काड्या उजवीकडे, मिठाची पुडी वरच्या अंगाला, आणि केचपची पाकिटं फोडून डाव्या बाजूला, जिथं चटणी असते तिथं. मग पिशवीतून शाल काढून तिच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला आणि वाकून पायाला हात लावला. शेजारच्या टेबलावरच्या शाळकरी पोरी तोंडातली स्ट्रॉ तशीच धरून बघत राहिल्या.

फ्राऊ केसलर उभी राहिली. अंगावर शाल, ओंजळीत नारळ. म्हणाली, "हेर घाडगे, मला असा मान आजवर कुणी दिला नाही."

आणि बसून तिनं सगळं खाल्लं, शेवटची काडीसुद्धा. तो आग्रह करत राहिला, "अजून एक? अर्धा तरी?"

त्या शनिवारी, दर शनिवारसारखा, त्यानं फोनकार्ड लावून कराडला फोन केला. दाजींच्या गाडीला आता गाळा मिळाला होता, पक्कं दुकान. पाटीवर काय लिहावं, ही चर्चा.

"वडापाव सेंटर लिव्हतो," दाजी म्हणाले.

"छे छे, दाजी. फास्ट फूड लिहा. जगात तेच चालतंय. इथं एवढ्या मोठ्या बाईला मी तिथंच नेलं सत्कार करायला."

"आस्सं? मग नुसतं फास्ट फूड कशाला, तुझंच नाव टाकतो. दत्ता फास्ट फूड! लोकांना वाटंल, तेलसुद्धा जर्मनीचं हाय."

दत्तात्रय हसला. नको म्हणाला नाही. खरं सांगायचं तर त्याला ती पाटी डोळ्यांपुढं दिसली, आणि आवडली.

संक्रांतीला येनातली मराठी मुलं पुष्करच्या खोलीवर तिळगुळाला जमली. पुष्कर पुण्याचा. जर्मनीत त्याला दोनच वर्षं झाली होती, पण नाक तीन पिढ्यांचं होतं. कोण कुठलं, कुणाची भाषा कशी, कोण ण ला न म्हणतं, याची त्याला फार पारख. गप्पा चालल्या होत्या पहिल्या पगाराचं कुणी काय केलं याच्या. दत्तात्रयनं आपलं सांगितलं, अगदी खुशीत.

"कुठे नेलंस?" पुष्करनं विचारलं.

"फास्ट फूडला. सिनेमाच्या पलीकडं आहे बघ, ते."

पुष्कर हातातला तिळगूळ तसाच धरून पुढं सरकला.

"थांब थांब. सूट घालून?"

"हो."

"टाय?"

"हो की."

"आणि तिथे, त्या प्लॅस्टिकच्या टेबलावर, शाल आणि श्रीफळ?"

आता दत्तात्रयच्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. पण काय, ते कळेना. त्यानं मान हलवली.

"अरे दत्तोपंत," पुष्कर म्हणाला, "मग ट्रेवरच्या कागदावर मानपत्र लिहिलंस की नाही?"

हसण्याचा बॉम्ब फुटला. कुणीतरी गादीवर लोळलं. ईप्सिता, त्यातल्या त्यात समजूतदार मुलगी, तोंडावर हात धरून म्हणाली, "गप बस ना पुष्कर..." आणि मग तिलाही राहवेना. "पण त्या आजींनी नारळाचं काय केलं असेल रे?"

पुष्करनं डोळे पुसले आणि शिकवणी सुरू केली. "बाबा रे, इथे फास्ट फूड हा शब्द आदराने घ्यायचा नसतो. ते शाळकरी पोरांचं, पार्टीनंतरच्या बेवड्यांचं आणि ज्याला धड जेवायला वेळ नाही त्याचं खाणं. इथे माणूस 'आज फास्ट फूडच खाल्लं' म्हणतो ना, ते लाजून म्हणतो. आपण कसं म्हणतो, आज बिस्किटावर भागवलं. गेनाऊ, अगदी तसं. तू त्या बाईचा सत्कार केलास आणि तिला बिस्किटावर भागवलंस!"

इथं एक विचारायला हवं होतं, आणि दत्तात्रयच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं विचारलंही असतं. की बाबा, शब्दाची पत कोण ठरवतं? तोच पाव, तोच बटाटा, तेच तेल. पुण्यात त्यासाठी रांग लावली की मॉडर्न, आणि जर्मनीत आलं की नाक मुरडायचं, हे तुला कुठल्या विमानतळावर शिकवलं? पण चोख उत्तर हे नेहमी जिना उतरल्यावर सुचतं. खोलीत असतात ते फक्त तापलेले कान.

दत्तात्रयनं त्या वेळी जे केलं ते फार वाईट केलं. तोही हसला. आणि म्हणाला, "अरे, मला काय ठाऊक नाही होय? म्हातारीला काय कळतंय! एकटी असते, फुकट मिळालं की खूष."

पुन्हा सगळे हसले. या वेळी त्याच्यावर नाही, त्याच्याबरोबर हसले. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. गादीवर त्याला बसायला जागा झाली. तो तिथं बसला.

त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं सत्कारमूर्ती. मेन्सामध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या खानावळीत, पुष्कर लांबून हाक मारायचा, "या, सत्कारमूर्ती, या!" आणि सत्कारमूर्ती हसत यायचा. हसायची सवय लागते.

फ्राऊ केसलरला मात्र त्याला तोंड दाखववेना. रविवार आला की लॅबमध्ये काम निघायचं. घरी येताना तो बूट हातात घेऊन जिना चढायचा. एका रविवारी पायरीवर केकचा तुकडा झाकून ठेवलेला मिळाला. त्यानं खाल्ला, बशी धुतली आणि तिच्या दाराशी ठेवून पळाला. चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही. काय लिहिणार?

लाज अशी गोष्ट आहे की ती एकट्यानं ठेवून घेववत नाही. वरून मिळाली की माणूस खाली कुणी आहे का बघतो. दत्तात्रयच्या खाली कोण होतं? एका शनिवारी त्यानं कराडला फोन लावला तर दाजी आनंदात.

"आरं, पेंटर येऊन गेला! पाटी बगशील तर येडा होशील. तुझं नाव लाल, फास्ट फूड पिवळं. मीनल म्हणती, उद्घाटनाला तुझा सुटातला फोटो लावू. पाठव की एक."

"दाजी, माझं नाव काढा."

"आं?"

"पाटीवरनं. माझं नाव नको."

"का रं बाबा? काय झालं?"

"इथं फास्ट फूड हलकं समजतात." बोलताना त्याला जाणवलं की त्याचा आवाज पुष्करसारखा येतोय, ण न चुकवता. "माझे मित्र आहेत इथले. पुण्याचे. उद्या कोणी कराडला आलं, पाटी बघितली, तर बरं दिसणार नाही."

पलीकडं कढईचा आवाज येत राहिला. फास्ट फूड लिहायचं दाजींच्या मनात नव्हतं. ह्यानंच सांगितलं होतं. ते दोघांनाही आठवत होतं.

"बरं," दाजी म्हणाले.

दाराशी फजिती झाली तर अख्ख्या हॉटेलला हसवणारा माणूस, तो नुसतं 'बरं' म्हणाला. एखादी शिवी दिली असती, 'लई शाणा झालास काय रं' म्हणाले असते, तर सोपं गेलं असतं. "कार्ड संपत आलंय," म्हणून दत्तात्रयनं फोन ठेवला. कार्ड संपत आलं नव्हतं.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा फ्राऊ केसलरनं त्याला जिन्यात गाठलं. हातात बूट घेतलेला माणूस पळणार कुठं?

"हेर घाडगे, माझं काही चुकलं का?"

त्याला बूट कुठं ठेवावेत ते कळेना. "नाही, फ्राऊ केसलर. काम होतं."

"आज रविवार आहे. कॉफी झालेली आहे. या."

आत तोच टेबलक्लॉथ, तेच कप. खुर्चीच्या पाठीवर मीनलची शाल घडी करून ठेवलेली. आणि कपाटावर, तिच्या नवऱ्याच्या फोटोशेजारी, काचेच्या बशीत नारळ. पुसून पुसून त्याला चकाकी आलेली.

"याला पाणी घालायचं असतं का?" तिनं विचारलं. "मी नुसतं पुसते."

त्यानं मान खाली घातली आणि मोडक्या जर्मनमध्ये सांगून टाकलं. "मी तुम्हाला चुकीच्या जागी नेलं. मला माहीत नव्हतं. लोकांनी नंतर सांगितलं. ती मान द्यायची जागा नाही."

"आल्झो," ती म्हणाली, "म्हणजे हे आहे होय." आणि कपात कॉफी ओतत बसली. मग नवऱ्याच्या फोटोकडे बघून बोलायला लागली.

"पूर्व-पश्चिम जर्मनीमधली भिंत पडली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आमच्या पूर्वेकडेही पावात मांस घालून मिळायचं, पण वरच्या सरकारी लोकांना इंग्रजी शब्द नको होता. हॅम्बर्गर म्हणायचं नाही. ग्रिलेट्टा म्हणायचं. माझ्या हाइन्झला एकदा ते खऱ्या नावाचं खायचं होतं. तर आम्ही गाडी काढली आणि सीमेपलीकडच्या गावात गेलो. हाइन्झनं लग्नातला सूट घातला. मी हा ब्रोच लावला. आत गेल्यावर हाइन्झनं काउंटरवरच्या मुलीला विचारलं, कोट कुठे टांगायचे? आणि मेनूकार्ड द्याल का? मागे रांगेत पोरं होती. ती हसली. एक म्हणाला, 'ओसी आलेत.' म्हणजे पूर्वेकडचे गावंढळ. हाइन्झ कोट मांडीवर घेऊन बसला आणि सगळं खाल्लं. गाडीत बसल्यावर म्हणाला, चव बरी होती. नंतर आयुष्यभर त्यानं त्याचं नाव काढलं नाही."

तिनं केकची बशी त्याच्याकडे सरकवली.

"तुमच्याबरोबर आत गेले तेव्हा माझी नजर आधी खुंटी शोधायला गेली. मूर्खपणा. मग तुम्ही शाल घातलीत आणि वाकलात. मला वाटलं, हाइन्झ असायला हवा होता. तशाच दुकानात, चांगले कपडे घालून, आणि या वेळी आम्हाला कुणी हसलं नाही."

दत्तात्रयनं सांगायला तोंड उघडलं. हसले, फ्राऊ केसलर. तुम्हाला हसले, आणि सगळ्यांत आधी मी तुम्हाला विकलं. एवढंच म्हणायचं होतं. तिनं नारळाकडे बघून पुन्हा विचारलं, "मग पाणी नको ना?" आणि त्यानं उघडलेल्या तोंडात केकचा घास घातला.

वर येऊन त्यानं लगेच फोन लावला. शनिवार नव्हता.

"दाजी, पाटी झाली का?"

"झाली की. उद्घाटनबी झालं. फास्ट फूड ठिवलंय. तुझ्या नावावर पांढरा हात मारला."

"परत लिहा, दाजी. माझं नाव परत लिहा."

"राहू दे रं. पेंटर गेला त्यो."

"दुसरा बघा."

"बघू." मग थोडं थांबून दाजी म्हणाले, "लोक विचारत्यात, ही पांढरी पट्टी कसली? मी सांगतो, पेंटरचं काम बाकी हाय."

नाव पुसायला लावलं ह्यानं, आणि गावापुढं ह्याची अब्रू झाकून घेत होते ते. "दाजी, माझं..."

"तू अभ्यास कर. घे गं मीनल, दत्ता हाय."

मीनलनं थंडीचं विचारलं. "शाल वापरतोस न्हवं?"

"दिली, ताई. एका मोठ्या माणसाला."

"मग बरं झालं. नीट दिलीस न्हवं? मानानं?"

हो म्हणायला त्याला फार वेळ लागला.

वर्षं गेली. दत्तात्रय डॉक्टर झाला, येनातच लेन्सा बनवणाऱ्या एका कंपनीत लागला, स्वतःचं घर भाड्यानं घेतलं. पुष्कर एश्बॉर्नला आयटीत गेला आणि फोनवरून अजून सत्कारमूर्ती म्हणत राहिला. रविवारची कॉफी सुटली नाही. नारळ आतून सुकून खुळखुळायला लागला, तरी फ्राऊ केसलरनं हलवला नाही. आणि दर रविवारी दत्तात्रय ते एक वाक्य घेऊन जायचा आणि तसंच परत घेऊन यायचा.

गावी तो दोनदा गेला. दोन्ही वेळा पुण्याहून गाडी केली आणि ड्रायव्हरला स्टँडकडून जाऊ दिलं नाही, लांबून वळसा घालायला लावला. संध्याकाळी दाजी अंगाला तळणाचा वास घेऊन घरी यायचे, कागदात बांधून वडे आणायचे. दत्तात्रय खायचा. "कसा झालाय?" "झकास." पाटीचं दाजींनी काढलं नाही. त्यानंही नाही. मीनल दोघांकडं आळीपाळीनं बघायची आणि अजून वडा वाढायची.

दोन हजार आठच्या ऑक्टोबरात ऊर्जा नावाची एक मुलगी येनात शिकायला आली. कराडची, म्हणून कुणीतरी तिला दत्तात्रयचा नंबर दिला. तो तिच्याबरोबर आनमेल्डुंगला गेला. खिडकीतली बाई बदलली होती, तोरा तोच होता. आता तो दुसऱ्याच्या वतीनं भांडू शकत होता. बाहेर पडेपर्यंत दुपार झाली, मुलगी भुकेनं पार सुकलेली.

"दादा, इथं पटकन काय मिळतं? मला काही पण चालंल. फास्ट फूड असलं तरी."

चौकात इम्बिसची टपरी होती, उभ्यानं खायची. ऊर्जा शाकाहारी, तिच्यासाठी त्यानं बटाट्याच्या काड्या घेतल्या. उंच गोल टेबलाशी दोघं वाऱ्यात उभे राहिले. दोन घास पोटात गेल्यावर तिला तोंड फुटलं.

"बरं हाय. पण आमच्या पांढऱ्या पट्टीची सर न्हाई."

त्याच्या हातातला काटा थांबला. "कसली पट्टी?"

"म्हणजे काय दादा, कराडचे ना तुम्ही? स्टँडसमोर. पाटीवर आधी एक पांढरी पट्टी आहे आणि मग फास्ट फूड. म्हणून सगळे म्हणतात पांढरी पट्टी. 'कुठं भेटायचं? पट्टीवर.' एक नंबर वडा! मालक एकदम राजा माणूस." ती हसायला लागली. "त्यांना विचारलं, काका, नाव का नाही लिहीत, तर म्हणतात पेंटरचं काम बाकी हाय. पाच वर्षं! आमच्या कॉलेजात म्हणच झाली. सबमिशन राहिलं की म्हणायचं, पेंटर आला न्हाई."

दत्तात्रय हसायला गेला. इतक्या वर्षांची सवय होती, पण ते जमलं नाही.

"गेल्या गणपतीत तर गंमतच झाली," ऊर्जा म्हणाली. "एक पेंटर खरंच आला. रोजचं गिऱ्हाईक. म्हणाला, काका, फुकट लिहून देतो, नाव सांगा. तर काका शिडी धरून त्याला खाली उतरवायला लागले. म्हणाले, ज्याचं नाव हाय त्याला इचारल्याबिगर न्हाई लिव्हायचं. कुणीतरी मेव्हणा आहे म्हणे बाहेरदेशी. लई मोठा झालाय म्हणून लाजतो, असं लोक म्हणतात. काका नाही म्हणत. काका म्हणतात, त्याला येळ न्हाई."

वारा जोरात आला आणि कागदी बशी उडायला लागली. ऊर्जानं ती पकडली. "दादा? तुम्ही तिथं कधी खाल्लं न्हाई?"

खाल्लं होतं. घरी, कागदात बांधून आलेलं, दार लावून. तिथं, त्या पाटीखाली, चारचौघांत उभं राहून, एकदाही नाही. त्याला हाइन्झ केसलर आठवला. ज्याला त्यानं कधी बघितलं नव्हतं, तो मांडीवर कोट घेऊन बसलेला. तो निदान शेवटपर्यंत बसला होता.

त्यानं हात पुसले, खिशातून मोबाइल काढला आणि त्या पोरीच्या देखत नंबर लावला. कराडात या वेळी चारचं गिऱ्हाईक असणार. बरीच रिंग वाजली.

"दाजी, दत्ता बोलतोय."

ऊर्जाचं तोंड चावता चावता थांबलं. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग बशीकडं, मग लांब ट्रामकडं. त्याचे कान तापले, त्या संक्रांतीला तापले होते तसेच. पण या वेळी तो तिथून हलला नाही.

"आरं, आज कसा काय? शनिवार न्हाई."

"दाजी," तो म्हणाला. "पेंटर आला का?"

पलीकडं कढईत काहीतरी सोडल्याचा चर्रर आवाज झाला. कुणीतरी "काका, दोन द्या" म्हणालं. दाजींनी त्याला थांब म्हणून सांगितलं.

"न्हाई आला अजून," दाजी म्हणाले. "तू कवा येतोस?"